कर्नाळ्याचा चढ आणि गार पेला

मुंबईच्या बंदरांत शिरणाऱ्या गलबतांवरील खलाशांना पूर्वेकडील डोंगरांच्या ज्या कांहीं खुणा पाठ असत, त्यांत कर्नाळ्याचा सुळका ही एक ठळक खूण होती. इंग्रज नाविकांनीं त्याला ‘फनेल हिल’ असें नांव दिलें. आसपासचे लोक त्याला पांडूचा बुरूज म्हणत आले आहेत. पनवेलच्या दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरांवर, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदीं कडेला हा डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ४४० मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानानें बेताचीच. पायथ्याशीं दाट झाडी, मध्यें सोंडेवरची उघडी वाट आणि शेवटीं कातळ, असा हा चढ आहे. कोंकणांतील दमट हवेंत तो चढणाऱ्या मनुष्याचे कपडे घामानें भिजतात, घसा कोरडा पडतो आणि माथ्यावर पोहोंचतांच त्याला पहिली आठवण होते ती कांहींतरी गार पिण्याची. अलीकडे पुष्कळांच्या पडशींत या क्षणासाठीं बर्फांत गुंडाळलेली बीअरची बाटली असते.

ही इच्छा नैसर्गिक आहे, आणि जुनीही आहे. परंतु ती ज्या रीतीनें आज पुरविली जाते, ती रीत मात्र फार नवी आहे. गारवा आणि मद्य या दोन गोष्टी एकाच पेल्यांत, भर दुपारीं, डोंगराच्या माथ्यावर एकत्र येण्यापूर्वीं कोंकणांत व कोंकणाबाहेर पुष्कळ इतिहास घडावा लागला. तो इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, गार पेला कोणास मिळावा आणि कोणास मिळूं नये याचा निर्णय तहानेनें क्वचितच केला. तो बहुधा सत्तेनें, करानें आणि व्यापारानें केला.

प्रथम गडाचाच विचार करावा. कर्नाळ्यानें अनेक धनी पाहिले. इ. स. १५४० सालीं तो अहमदनगरच्या निजामशाहीनें गुजरातच्या सुलतानाकडून घेतला. तेव्हां गुजरातच्या सरदारांनीं वसईच्या पोर्तुगिजांकडे धांव घेतली आणि फ्रान्सिस्को द मेनेझिस यानें पोर्तुगीज शिपाई आणून तो सोडविला. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं तो जिंकला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोगलांस द्यावा लागला आणि १६७० मध्यें मराठ्यांनीं मोर्चे पुढें पुढें सरकवीत तो पुन्हां घेतला. पुढें १७४० च्या सुमारास तो पेशव्यांकडे आला. पेशवाईच्या अखेरीस येथें अनंतराव फडके हे किल्लेदार होते. जवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं जन्मलेले आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे त्यांचेच नातू. १८१८ च्या जानेवारींत कर्नल प्रॉथर यानें किल्ला घेतला आणि त्याचा लष्करी इतिहास संपला.

या सर्व धन्यांमध्यें एक गोष्ट समान होती. ज्याला हा गड राखावयाचा होता, त्याला माथ्यावरील पाणी राखणें भाग होतें. सुळक्याच्या पायथ्याशीं कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आणि कोठारें आजही दिसतात. उन्हाळ्यांतही तेथील पाणी हाताला गार लागतें, याचें कारण साधें आहे. सुळक्याच्या पोटांतील भागावर ऊन फार थोडा वेळ पोहोंचतें. कातळाची प्रचंड जाडी दिवसाची उष्णता लवकर आंत येऊं देत नाहीं. आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून होणारी वाफ उरलेली उष्णता घेऊन जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्यापूर्वीं पाण्याची सोय पाहावी, एका झऱ्यावर विसंबून न राहतां कातळ फोडून टांकीं करावींत आणि युद्धाच्या प्रसंगासाठीं सांठ्याचें पाणी वेगळें जपावें, असा उपदेश आहे. गडावर चढून आलेल्या शिपायाला गार पेला मिळत असे तो याच टांक्यांतून.

गडावर ‘दारू’ नव्हती असें मात्र नाहीं. प्रत्येक मोठ्या किल्ल्यावर दारूचें कोठार असे. परंतु ती दारू बंदुकीची व तोफेची. मराठी भाषेनें या दोन्ही जळत्या पदार्थांस एकच शब्द दिला आहे, आणि गंमत अशी कीं, पेय गार करण्याची एक जुनी युक्ति तोफेच्या दारूंतूनच निघाली आहे. तोफेच्या दारूंत सोरा मुख्य असतो. हा सोरा पाण्यांत विरघळतांना आसपासची उष्णता शोषून घेतो. अबुल फजलनें ‘ऐन-ई-अकबरी’त नोंद केली आहे कीं, तोंड बंद केलेली धातूची सुरई सोऱ्याच्या पाण्यांत पाव तास फिरविली म्हणजे आंतील पाणी गार होतें, आणि जो सोरा बंदुकींत आग निर्माण करतो, त्याच्याकडूनच बादशहानें थंडावा निर्माण करविला, याचें त्याला मोठें कौतुक वाटलें आहे. १५८६ नंतर, दरबार पंजाबांत गेल्यावर, उत्तरेच्या डोंगरांतील बर्फही लाहोरास येऊं लागला. पुढें हिंदुस्थानांतील इंग्रज साहेबांनीं हीच युक्ति उचलली. त्यांच्या घरीं ‘आबदार’ नांवाचा स्वतंत्र चाकर असे आणि पाणी व मद्य सोऱ्यानें गार करणें हेंच त्याचें काम असे. अर्थात् दुपारच्या वेळीं गार पेला मिळविणें ही बादशहाची, सरदाराची आणि साहेबाची चैन होती.

मग पायथ्याच्या वाडीवस्तींतील मनुष्य काय पीत होता? त्याचा गार पेला पहाटे झाडावरून खालीं येत होता. कोंकणांत ताडाच्या झाडापासून ताडी, नारळाच्या माडापासून माडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी निघते. भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. माडाची कोंवळी पोय न उमलतां बांधून ठेवावयाची, तिचें टोंक रोज अगदीं पातळ तासावयाचें आणि त्याखालीं मडकें अडकवावयाचें; सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून हें काम करावें लागतें. रात्रभर थेंब थेंब सांठलेला रस पहाटे उतरविला जातो तेव्हां रात्रीच्या हवेनें आणि मातीच्या मडक्यानें तो गार झालेला असतो. मडक्यास आंतून चुना लावला असेल तर तो रस गोड राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर मडक्यांतील व हवेंतील किण्व लगेच कामास लागतें. सकाळीं त्या रसांत किंचित् आंबटगोड झणझणीतपणा असतो. दुपारपर्यंत त्यांतील मद्यार्क शेंकडा चार-पांचपर्यंत चढतो. आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा शिरका होऊं लागतो.

या पेयाचा मुख्य धर्म या माहितींत सांपडतो. ताडी सांठवितां येत नाहीं आणि फार दूर नेतां येत नाहीं. ती झाडाजवळ, ठराविक वेळीं, थोडक्यांतच प्यावी लागते. गार असेल तेव्हां तिच्यांत मद्य थोडें असतें आणि मद्य वाढेल तेव्हां ती गार राहिलेली नसते. म्हणजे निसर्गानेंच या पेल्याला स्थळाची, काळाची आणि प्रमाणाची मर्यादा घालून दिली होती. मुंबई बेट ज्याच्याकडे पोर्तुगीज राजाकडून खंडानें होतें, तो वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत नारळाच्या या सुरेचें वर्णन केलें आहे. गोमंतकांतील व मुंबईंतील पाववाले पुष्कळ काळ हीच माडी घालून पावाचें पीठ फुगवीत. इंग्रजांनीं ‘ताडी’चा ‘टॉडी’ केला, आणि तो शब्द स्कॉटलंडांत पोहोंचल्यावर तेथील लोकांनीं व्हिस्की, साखर आणि कढत पाणी यांच्या मिश्रणास तेंच नांव दिलें. कोंकणांतील पहाटेचा गार पेला त्या थंड देशांत जाऊन गरम झाला!

राज्यकर्त्यांनीं या पेल्याकडे कसें पाहिलें हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. पेशव्यांच्या रोजनिशांवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं जें विवेचन लिहिलें, त्यांत पेशवाईंतील मद्यबंदीचा उल्लेख आहे. ब्राह्मण, शेणवी, प्रभू आणि सरकारी कामगार यांना मद्याची सक्त मनाई होती. परंतु पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या वसई, चौल या प्रांतांत भंडारी, कोळी इत्यादि लोकांना सूट देण्यांत आली होती. पेशवे धर्मनिष्ठ होते. तथापि किनाऱ्यावरील लोकांचें जीवन झाडाशीं किती बांधलेलें आहे, हें त्यांच्या कारभाऱ्यांनीं ओळखिलें होतें असें यावरून दिसतें.

इंग्रजी अमलांत हा विचार मागें पडला आणि उत्पन्नाचा विचार पुढें आला. १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद होऊन दारू ठराविक ठिकाणींच गाळावी व तिच्या विक्रीचा मक्ता द्यावा, असें धोरण ठरलें. कर्नाळ्याच्या पश्चिमेस असलेलें उरण हें या धंद्याचें मोठें केंद्र होतें. तेथील भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या. गुजरात आणि पंचमहालांतून येणाऱ्या मोहाच्या फुलांची दारू तेथें गाळली जाई आणि मुंबईस पुरविली जाई. या दारूवर कर घेणें सोपें, कारण ती एका जागीं निघते व पिंपांत मोजतां येते. ताडीवर कर घेणें कठीण, कारण ती हजारों झाडांवर निघते आणि सूर्य वर येण्यापूर्वींच पिऊन संपते. शिवाय ताडी स्वस्त राहिली तर मोहाच्या दारूचा खप कमी होऊन सरकारचें उत्पन्न बुडणार. म्हणून झाडाझाडावर परवाना आणि वाढता कर बसला. ज्यांचा तो धंदा होता ते भंडारी आणि ज्यांचें तें पेय होतें ते कष्टकरी, अशा दोघांनाही याची झळ लागली. जो पेला शरीराला सौम्य होता तो महाग झाला, आणि जो तीव्र होता त्याचीं दुकानें परवान्यानें उघडलीं.

१८९२ सालीं मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत परवान्यावांचून तीं फुलें बाळगणें वा नेणें हा गुन्हा ठरला. पनवेल तालुका त्यापूर्वीं, १८८३ सालीं, ठाणें जिल्ह्यांतून कुलाब्यांत गेला होता. तेव्हां कर्नाळ्याच्या पायथ्याचा मुलूख या कायद्याखालीं सर्वस्वीं आला. मोहाचें फूल हें केवळ दारूचें साधन नव्हे. उन्हाळ्यांत धान्य सरतें तेव्हां कातकरी, ठाकूर अशा जमातींचें तें अन्नही असे. त्यामुळें या कायद्यावर पुढाऱ्यांनीं व वृत्तपत्रांनीं कडक टीका केली. पुढें जंगलच्या निर्बंधांविरुद्धचा असंतोष याच भागांत भडकला. कर्नाळ्यापासून जवळच असलेल्या चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन सत्याग्रही धारातीर्थीं पडले. तो लढा दारूसाठीं नव्हता. परंतु डोंगरावरील झाडावर प्रथम हक्क कोणाचा, हा प्रश्न ताडीच्या मडक्याखालीं आणि सरपणाच्या मोळीखालीं एकच होता.

इकडे झाडाच्या पेल्यावर बंधनें येत असतां तिकडे शहरांतील पेल्याचीं बंधनें एकेक गळून पडत होतीं. अमेरिकेंतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें तेथील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ करवतीनें कापून, लांकडाच्या भुशांत दाबून, १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजानें कलकत्त्यास पाठविला. निघतांना १८० टन असलेला हा माल चार महिन्यांच्या प्रवासानंतरही निम्म्याहून अधिक शिल्लक होता! दुसऱ्याच वर्षीं मुंबईस बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं एका मेजवानींत आइसक्रीम दिलें आणि यजमान व पाहुणे यांना पडसें आलें; तेव्हां ‘मुंबई समाचार’नें त्यांची चांगलीच खोडी काढली होती. पुढें मुंबईंत बर्फ सांठविण्याचें घर बांधलें गेलें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरान शोधून काढलें आणि पनवेल-कर्जतच्या परिसरांतील डोंगर केवळ मौजेसाठीं चढण्याची चाल साहेब लोकांत व त्यांच्यामागून मुंबईच्या सधन कुटुंबांत सुरू झाली.

त्याच शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रांनीं उरलेली मर्यादा मोडली. १८७० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यानें म्यूनिकच्या बीअरवाल्यांसाठीं शीतयंत्र तयार केलें. तोपर्यंत हलक्या रंगाची थंड बीअर ही हिवाळ्याची आणि तळघराची वस्तु होती. आतां ती बाराही महिने तयार होऊं लागली. यंत्रावर बर्फ होऊं लागल्यावर बोस्टनच्या बर्फाचा व्यापार बसला. १८७२ सालीं हायरम कॉड यानें गोटीच्या बाटलीचें पेटंट घेतलें आणि गोटी-सोडा गांवोगांव पोहोंचला. बर्फ, बूच आणि कांच या तिहींनीं मिळून पेयाला झाडापासून, पहाटेपासून आणि तळघरापासून मोकळें केलें. आतां गारवा आणि मद्य हीं दोन्हीं एकाच वेळीं, कोठेंही आणि कितीही मिळूं शकत होतीं. डोंगराच्या माथ्यावरील गार बाटली जन्मास आली ती या क्षणीं.

स्वातंत्र्याच्या चळवळीनें मद्यपानास सार्वजनिक प्रश्नाचें रूप दिलें. दारूच्या दुकानांपुढें निरोधन झालें; १९३० च्या चळवळींत शिंदीचीं झाडें तोडण्याचाही कार्यक्रम झाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईंत दारूबंदी आणली, आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून इलाखाभर संपूर्ण बंदी अमलांत आली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत ही बंदी परवान्यांच्या रूपानें सैल होत गेली. कायदा मात्र महाराष्ट्रांत आजही आहे. झाडाच्या बाजूनें पाहिलें तर सैलपणा फार उशिरां आला. मोहाच्या फुलांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें शिथिल केले ते २०२१ सालीं, म्हणजे त्या जुन्या कायद्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं.

आणि कर्नाळ्याचें काय? १९६८ सालीं हा परिसर पक्ष्यांचें अभयारण्य झाला. गडाकडे जाणारी वाट त्या अभयारण्यांतूनच जाते, म्हणून तेथें येणारा मनुष्य हा एकाच वेळीं ऐतिहासिक वास्तूचा आणि वन्य जीवांचा पाहुणा असतो. किल्ल्यांवरील मद्यपानास आळा घालण्यासाठीं गृहविभागानें २०२० सालीं परिपत्रक काढून दारूबंदी कायद्याखालीं शिक्षेची तरतूद स्पष्ट केली. कोणी म्हणेल, सभ्य मनुष्यानें थकून-भागून माथ्यावर एक बाटली घेतली तर कोणाचें काय बिघडलें? हा प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. श्रमानंतरचा आनंद हा कांहीं गुन्हा नव्हे, आणि जगांत पुष्कळ ठिकाणीं डोंगर उतरून आल्यावर गांवच्या खानावळींत बसून असा पेला घेण्याची सभ्य चाल आहे. परंतु त्या चालींतही पेला उतरल्यावर असतो, ही गोष्ट विसरतां कामा नये.

शरीरशास्त्र या बाबतींत स्पष्ट आहे. मूत्राचें प्रमाण आवरून धरणारा जो स्राव मेंदूच्या तळाशीं तयार होतो, त्याला मद्य अडथळा करतें. त्यामुळें घामानें अगोदरच कोरडें पडलेलें शरीर अधिकच पाणी गमावतें. तोंडाला गारवा लागतो, परंतु तहान भागत नाहीं. शिवाय कर्नाळ्याची शेवटची वाट कातळाची आहे. चढतांना नव्हे तर उतरतांना तोल जातो. सुळक्यावर आग्या मधमाश्यांचीं मोठमोठीं पोळीं असतात आणि खालच्या आरडाओरड्यानें व धुरानें त्या उठल्या म्हणजे पळावयास तेथें जागा नाहीं. फुटलेली बाटली मातींत विरत नाहीं, आणि टांक्यांत पडलेली तर पुढील शेंकडों माणसांचें पाणी बिघडविते.

तथापि केवळ शिक्षेच्या भीतीनें हा प्रश्न सुटेल असें मानणें भोळेपणाचें होईल. गेल्या दीडशें वर्षांचा अनुभव असा कीं, कायद्यानें ज्याचा पेला हिरावला तो बहुधा गरीब होता आणि ज्याचा पेला व्यापारानें भरला तो बहुधा सुखवस्तु होता. आज गडावर बाटली नेणारा मनुष्य हा पायथ्याच्या वाडींतील कातकरी नव्हे. तो शहरांतून मोटारीनें आलेला, चार पुस्तकें वाचलेला मनुष्य आहे. म्हणून ही मर्यादा त्याला इतरांनीं शिकवावी लागूं नये. पहाटेच्या ताडीला जी मर्यादा निसर्गानें घातली होती, ती यंत्रानें मोडली. आतां ती मनुष्यानें स्वतःच्या विचारानें पुन्हां घालावयाची आहे.

गार पेल्याची हौस ज्याला पुरवावयाची असेल त्यानें ती कर्नाळा उतरून, पनवेलला परतल्यावर, कायद्याच्या व प्रकृतीच्या मर्यादेंत खुशाल पुरवावी. पहाटे परवान्याच्या केंद्रावर मिळणारी ताजी नीरा पिऊन चढ चढावयास निघावें, हाही एक जुना आणि निर्दोष मार्ग आहे. माथ्यावर मात्र सोबत आणलेलें पाणी प्यावें, सुळक्याच्या सावलींत घटकाभर टेकावें आणि शेजारच्या टांक्यांकडे पाहावें. ज्या अनाम हातांनीं छिन्नी चालवून तो कातळ फोडला, त्यांनाही तेव्हां तहान लागलीच असेल. त्यांनीं ती आपल्यापुरती न भागवितां पुढें येणाऱ्या प्रत्येकासाठीं पाणी सांठवून ठेवलें.